बिनतारी स्थानिक जाळ्यांची आखणी आणि उत्क्रांतीवर आधारित शोधपद्धती

महाविद्यालयाची इमारत, जिल्हा ग्रंथालय, रेल्वे स्थानक वा तालुक्याच्या गावातील अभ्यासिका, यांपैकी कोठेही बिनतारी इंटरनेट उपलब्ध करून द्यावयाचे झाल्यास तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. प्रक्षेपण करणारी यंत्रे, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, कोठे बसवावयाची? प्रत्येकाने कोणत्या वाहिनीवर, म्हणजे चॅनेलवर, काम करावयाचे? आणि प्रत्येकाची प्रक्षेपणशक्ती किती ठेवावयाची? प्रश्न साधे दिसतात. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी त्यांची उत्तरे वीजतंत्री देतो. जेथे विजेचा पॉइंट आहे तेथे यंत्र बसते आणि बाकीच्या गोष्टी कारखान्यातून आल्या तशाच राहतात. परिणामी कार्यालयप्रमुखांच्या दालनात पाचही रेषा दिसतात आणि वाचनकक्षाच्या टोकाला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही.

हे तीन प्रश्न एकत्रितपणे गणिती रीतीने कसे सोडवावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. यात दोन वेगळी कामे आहेत. एखादी आखणी चांगली की वाईट हे ठरविणारे मोजमाप तयार करणे हे पहिले काम आणि असंख्य आखण्यांमधून चांगली आखणी शोधून काढणे हे दुसरे. या दोन्ही कामांत भारतीय संशोधकांचा वाटा मोठा आहे. मोजमापाच्या बाजूने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, तर शोधाच्या बाजूने कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत महत्त्वाचे काम झाले. विज्ञान व तंत्रज्ञान या घटकाचा अभ्यास करताना विद्यार्थी बहुधा दुसऱ्याच बाजूकडे, म्हणजे 'जनुकीय अल्गोरिदम'च्या व्याख्येकडे, धाव घेतात. वस्तुतः पहिली बाजू अधिक निर्णायक आहे.

बिनतारी स्थानिक जाळे : थोडी पार्श्वभूमी

ज्याला आपण वायफाय म्हणतो त्याचे मूळ मानक आयईईई ८०२.११ हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये त्याची 'बी' आणि 'ए' ही रूपे आली. पहिल्याचा कमाल वेग सेकंदाला ११ मेगाबिट, तर दुसऱ्याचा ५४ मेगाबिट होता. २००३ मध्ये 'जी', २००९ मध्ये 'एन', २०१३ मध्ये 'एसी' आणि २०२१ मध्ये 'एएक्स' अशी प्रगती होत गेली. भारतात या तंत्राच्या प्रसाराला खरी चालना मिळाली ती वारंवारितापट्टे परवानामुक्त झाल्यामुळे. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याच्या अटीतून मुक्त झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ असे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ इमारतीच्या आत व बाहेरही वापरण्यास खुले झाले.

जुन्या पट्ट्याची रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ आहे. त्यात ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर १ ते १३ अशा वाहिन्या मोजल्या जातात; परंतु प्रत्येक वाहिनीला प्रत्यक्षात सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा लागते. त्यामुळे शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात आणि १, ६ व ११ या तीनच एकमेकींपासून अलग राहतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये २० मेगाहर्ट्झच्या सुमारे दोन डझन वाहिन्या मिळतात. मात्र वेग वाढावा म्हणून ८० मेगाहर्ट्झची रुंद वाहिनी घेतली, तर त्यांची संख्या ६ वर येते. म्हणजे नवा पट्टा मिळाला तरी टंचाई संपत नाही, तिचे रूप बदलते.

लहरी दूर जाताना क्षीण होतात. मोकळ्या जागेत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची १ मीटरवर सुमारे ४० डेसिबल घट होते आणि पुढे अंतर दुप्पट झाले की प्रत्येक वेळी आणखी ६ डेसिबल. इमारतीच्या आत ही घट अधिक असते. तेथे दर दुपटीला ९ डेसिबल धरणे अनेकदा योग्य ठरते. १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम, शक्तीने प्रक्षेपण करणाऱ्या यंत्रापासून २० मीटरवर या हिशेबाने सुमारे उणे ५९ डीबीएम संकेत मिळेल, ४० मीटरवर उणे ६८. मध्ये भिंती आल्या की प्रत्येक भिंत काही डेसिबल खाते आणि काँक्रीटचा स्लॅब त्याहून बराच अधिक. ५ गिगाहर्ट्झची लहर तर पहिल्या मीटरलाच सुमारे ७ डेसिबल जास्त गमावते. भारतीय विज्ञान संस्थेसारखा परिसर डोळ्यांसमोर आणावा : दगडी बांधकामाची जुनी मुख्य इमारत, काचेच्या नव्या प्रयोगशाळा, वसतिगृहे आणि या सर्वांच्या मध्ये दाट झाडी. ओली पानेही लहरी शोषतात. अशा ठिकाणी नकाशावर कंपासने वर्तुळे काढून आखणी करता येत नाही.

टोकाचा वापरकर्ता आणि सर्वांचा वेग

आता मोजमापाकडे वळू. वायफायमध्ये एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते. शांतता असेल तर यादृच्छिक कालावधी थांबून पाकीट पाठवते. टक्कर झाली तर थांबण्याचा कालावधी वाढवते. या पद्धतीचे गणिती विश्लेषण ज्युझेप्पे बियांकी यांनी २००० साली केले. भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अनुराग कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अधिक सोपे व व्यापक करून २००७ मध्ये मांडले. हेच अनुराग कुमार १९८८ पासून अर्नेट या देशातील पहिल्या शैक्षणिक संगणक जाळ्याच्या संस्थेतील कामाचे समन्वयक होते आणि २०१४ ते २०२० या काळात संस्थेचे संचालकही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डी. मंजुनाथ आणि बंगळुरूचे जॉय कुरी यांच्यासह त्यांनी लिहिलेले बिनतारी जाळ्यांवरील पाठ्यपुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

या विश्लेषणातून हाती येणारी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. वायफाय प्रत्येकाला समान संधी देते, समान वेळ नव्हे. एक वापरकर्ता यंत्राजवळ बसला आहे आणि ५४ मेगाबिटच्या वेगाने जोडला गेला आहे. दुसरा टोकाला आहे आणि त्याला जेमतेम १ मेगाबिटचा वेग मिळतो, असे समजू. दोघांनीही आळीपाळीने १२,००० बिटांचे एकेक पाकीट पाठविले. पहिल्याला सुमारे ०.२२ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्याला १२. दोन पाकिटांची एक फेरी सुमारे १२.२२ मिलिसेकंदांत पुरी होते आणि त्या फेरीत प्रत्येकाचे १२,००० बिट जातात. म्हणजे दोघांनाही सेकंदाला एक मेगाबिटहून किंचित कमीच वेग मिळतो! मधला अवांतर वेळ येथे सोडून दिला आहे, पण निष्कर्ष बदलत नाही. फ्रान्समधील संशोधकांनी २००३ मध्ये ही विसंगती प्रथम स्पष्टपणे दाखवून दिली.

याचा अर्थ असा की टोकाच्या वापरकर्त्याची सोय करणे हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. तो मागे राहिला की जवळचाही मागे ओढला जातो. सार्वजनिक सुविधांच्या आखणीत 'सरासरी' हा शब्द सरकारी अहवालांना फार प्रिय असतो. येथे तो उघडउघड फसवा आहे.

भारतीय विज्ञान संस्थेत या अडचणीवर आखणीनंतरचा एक उपायही शोधण्यात आला. जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या मध्ये एक नियंत्रक बसवून त्यातून जाणाऱ्या पाकिटांचा क्रम व प्रमाण ठरवावयाचे, जेणेकरून मंद जोडणी इतरांचा वेळ खाणार नाही. मालती हेगडे, अनुराग कुमार, जॉय कुरी व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या प्रणालीला 'अ‍ॅडवायझर' असे नाव आहे. तिचे वैशिष्ट्य हे की अ‍ॅक्सेस पॉइंट वा वापरकर्त्याचे यंत्र यांत काहीही बदल करावा लागत नाही. तथापि, मुळात यंत्रे चुकीच्या जागी बसली असतील तर कोणताही नियंत्रक नसलेला संकेत निर्माण करू शकत नाही.

शोधाचा आवाका

आखणीची कठीणता किती, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. बंगळुरूतील एका लहान अभ्यासिकेत यंत्र बसविता येईल अशा १२ जागा आहेत आणि यंत्रे ४ आहेत. जागांची निवड ४९५ प्रकारे होते. प्रत्येक यंत्राला ३ पैकी एक वाहिनी दिल्यास ८१ प्रकार; शक्तीच्या ४ पायऱ्या धरल्यास २५६ प्रकार. गुणाकार १,०२,६४,३२० इतका येतो. एका आखणीचे मूल्यमापन संगणक एका मिलिसेकंदात करीत असेल, तर सर्व आखण्या तपासण्यास तीन तासांहून कमी वेळ लागेल. येथे उत्क्रांती वगैरेची मुळीच गरज नाही. सर्व पर्याय तपासावेत आणि सर्वोत्तम घ्यावा. एवढ्या छोट्या प्रश्नांवर मोठमोठी नावे असलेल्या पद्धती लावलेले प्रबंध पुष्कळ दिसतात, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

आता त्याच हिशेबाने मोठी इमारत घ्या. जागा ४०, यंत्रे १२. केवळ जागांची निवडच ५५८ कोटींहून अधिक प्रकारे होते. वाहिन्या आणि शक्ती धरल्यावर एकूण आखण्यांची संख्या सुमारे ५ वर २२ शून्ये इतकी होते. मिलिसेकंदाला एक याप्रमाणे त्या तपासण्यास दीड लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. जागा तिपटीने वाढल्या, यंत्रे तिपटीने वाढली, पण काम तिपटीने वाढले नाही. यालाच संयोगांचा स्फोट म्हणतात. नुसते वाहिनीवाटप घेतले तरी ते आलेखशास्त्रातील रंगभरणाच्या प्रश्नाशी समतुल्य आहे : एकमेकांना ऐकू येणाऱ्या दोन यंत्रांना एकच रंग द्यावयाचा नाही आणि रंग तीनच. हा प्रश्न संगणनशास्त्रातील अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो. तो सर्व प्रसंगी झटपट सोडविणारी रीत अद्याप कोणालाही सापडलेली नाही.

उत्क्रांतीचे अनुकरण

सर्वोत्तमाचा हट्ट सोडून 'पुरेसे चांगले' उत्तर मर्यादित वेळात मिळविणे, हा येथील व्यवहार्य मार्ग. निसर्गातील उत्क्रांतीपासून स्फूर्ती घेतलेल्या पद्धतींची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. बर्लिनमध्ये इंगो रेखेनबर्ग व हान्स-पॉल श्वेफेल, तर अमेरिकेत लॉरेन्स फोगेल यांनी स्वतंत्रपणे असे प्रयोग केले. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या ग्रंथाने जनुकीय अल्गोरिदमला सैद्धांतिक बैठक दिली आणि डेव्हिड गोल्डबर्ग यांच्या १९८९ च्या पुस्तकाने तो अभियंत्यांच्या हाती पोहोचविला. पुढे मुंग्यांच्या वसाहतीवर, पक्ष्यांच्या थव्यावर आधारलेल्या पद्धतीही आल्या. त्या परीक्षेत जोड्या लावण्यापुरत्या लक्षात ठेवल्या तरी चालतील.

आपल्या प्रश्नात एक संपूर्ण आखणी म्हणजे एक 'गुणसूत्र'. त्यात प्रत्येक यंत्रासाठी तीन जनुके : जागेचा क्रमांक, वाहिनी आणि शक्तीची पायरी. १२ यंत्रे असतील तर ३६ जनुकांची साखळी. आरंभी अशा १०० साखळ्या यादृच्छिकपणे तयार कराव्यात. ही पहिली पिढी. त्यांतील बहुतेक आखण्या टाकाऊच असतात. प्रत्येकीचे योग्यता-मूल्य काढावे. मग दोन-दोन आखण्यांची झुंज लावून सरस असेल ती पालक म्हणून निवडावी. दोन पालकांच्या साखळ्या मध्येच तोडून एकमेकींना जोडल्या की 'संकर' होतो. पहिल्या पालकाने तळमजला चांगला सांभाळला असेल आणि दुसऱ्याने वरचा, तर त्यांच्या अपत्यात दोन्ही गुण उतरण्याची शक्यता असते. त्यानंतर एखाद्या जनुकात अल्प प्रमाणात यादृच्छिक बदल करावा, हे 'उत्परिवर्तन'. त्याअभावी सर्व साखळ्या लवकरच एकसारख्या होतात आणि शोध एका सामान्य उत्तरापाशी अडून बसतो. आतापर्यंतची सर्वोत्तम आखणी मात्र पुढच्या पिढीत जशीच्या तशी न्यावी.

येथे एक व्यावहारिक अडचण येते, तिचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच असतो. साखळ्या आंधळेपणाने तोडून जोडल्या तर अपत्यात एकाच जागी दोन यंत्रे बसलेली आढळतात. असे अपत्य बाद करावे, त्याच्या गुणांतून दंड कापावा, की दुसरे यंत्र जवळच्या रिकाम्या जागी सरकवून त्याची दुरुस्ती करावी? आखणीच्या प्रश्नांत दुरुस्ती हा मार्ग बहुधा सरस ठरतो. कारण बाद केलेल्या साखळीबरोबर तिच्यातील चांगले तुकडेही वाया जातात. यंत्रांचा क्रम कसा लावला आहे यालाही महत्त्व आहे. इमारतीत शेजारी असलेली यंत्रे साखळीतही शेजारी ठेवली, तर संकरात चांगले गट फुटत नाहीत.

१०० आखण्यांच्या ३०० पिढ्या म्हणजे ३०,००० मूल्यमापने, अर्थात मिलिसेकंदाच्या हिशेबाने अर्धे मिनिट. पद्धतीत यादृच्छिकता असल्यामुळे प्रत्येक वेळी उत्तर वेगळे येते; म्हणून ती २० वेळा चालवावी आणि उत्तरांचा फैलावही पाहावा. त्यालाही १० मिनिटे पुरतात. दीड लाख कोटी वर्षांच्या तुलनेत हा सौदा वाईट नाही. पण मिळालेले उत्तर सर्वोत्तम आहे याची हमी कोणीही देत नाही.

योग्यता कोणी ठरवावयाची?

निसर्गात योग्यता म्हणजे टिकून राहणे. संगणकातील उत्क्रांतीत ती माणूस लिहितो आणि यंत्र ती शब्दशः पाळते. समजा दोन आखण्या आहेत. पहिलीत चार वापरकर्त्यांना अनुक्रमे २०, २०, २० आणि १ मेगाबिट वेग मिळतो. दुसरीत १२, १२, १२ आणि ८. सरासरीने पाहिल्यास पहिली १५.२५ आणि दुसरी ११, पहिली जिंकली. किमान वेगाने पाहिल्यास १ विरुद्ध ८, दुसरी जिंकली. आता तिसरे मोजमाप घ्या : सर्वांच्या वेगांचा गुणाकार. पहिलीचा ८,०००, दुसरीचा १३,८२४. येथेही दुसरीच सरस ठरते. गुणाकाराऐवजी लॉगरिदमांची बेरीज घेतली तरी क्रम तोच राहतो. फ्रँक केली यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या 'प्रमाणबद्ध न्याय' या संकल्पनेचा हाच गाभा. यात १ चे २ होणे आणि १० चे २० होणे यांना सारखेच महत्त्व मिळते. त्यामुळे टोकाचा माणूस विसरला जात नाही आणि एकट्या त्याच्यासाठी इतर सर्वांचा बळीही जात नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात ऱ्हासमान सीमांत उपयोगितेचे तत्त्व दिसेल, आणि ते बरोबरच आहे. मानव विकास निर्देशांक काढताना २०१० पासून तीन घटकांची साधी सरासरी सोडून गुणोत्तर मध्य घेतला जातो, त्यामागेही हाच विचार आहे.

ज्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सर्व जण एकाच वेळी जोडले जातात, तेथे या निवडीचा अर्थ काय होतो हे वाचकांना सांगावयास नको. अल्गोरिदम कोणताही वापरा. योग्यतेच्या सूत्रात सरासरी लिहिली असेल तर तो मोठ्या कौशल्याने कोपऱ्यातील मेजे वगळणारी आखणीच शोधून देईल.

कानपूरचे योगदान

खर्चाचे काय? अधिक यंत्रे बसविली की व्याप्ती वाढते आणि खर्चही. परस्परांशी झगडणारी उद्दिष्टे एकाच सूत्रात कोंबावयाची तर '१ टक्का व्याप्ती म्हणजे किती रुपये' असा विनिमय दर आधीच ठरवावा लागतो आणि तो दर बहुतेक वेळा अंदाजपंचे असतो. याला पर्याय देणारी पद्धत कानपूर येथील प्रा. कल्याणमय देव यांनी विकसित केली. एन. श्रीनिवास यांच्यासह १९९४ मध्ये त्यांनी तिचे पहिले रूप मांडले. अमृत प्रताप, समीर अगरवाल आणि टी. मेयारिवन या सहकाऱ्यांसह २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले दुसरे रूप 'एनएसजीए-२' या नावाने जगभर वापरले जाते. देव यांना २००५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, तर २०११ मध्ये बंगळुरूस्थित इन्फोसिस सायन्स फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला.

पद्धतीचा आधार इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो परेटो यांची संकल्पना आहे. एखादी आखणी दुसरीपेक्षा कोणत्याही उद्दिष्टात वाईट नसेल आणि निदान एका उद्दिष्टात सरस असेल, तर ती दुसरीवर 'वरचढ' ठरते. जिच्यावर कोणीच वरचढ नाही अशा आखण्यांचा पहिला स्तर. त्या बाजूला काढल्यावर उरलेल्यांतील तशाच आखण्यांचा दुसरा. याप्रमाणे स्तर पाडले जातात. पालक आणि अपत्ये एकत्र करून वरच्या स्तरांपासून पुढची पिढी भरली जाते. शेवटचा स्तर पूर्ण मावत नसेल, तर ज्या आखण्यांच्या आसपास गर्दी कमी आहे त्यांना प्राधान्य मिळते, म्हणजे पर्यायांतील वैविध्य टिकते. पहिल्या रूपात स्तर पाडण्याचे काम आखण्यांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढत असे. दुसऱ्यात ते वर्गाच्या प्रमाणात आले. १०० आखण्या असतील तर हा फरक शंभरपटीच्या श्रेणीचा होतो.

शेवटी हाती एक उत्तर येत नाही, पर्यायांची रांग येते. उदाहरणार्थ, ८ यंत्रांत ८२ टक्के परीक्षण-बिंदूंवर पुरेसा संकेत, १० यंत्रांत ९३ टक्के, १२ मध्ये ९७ आणि १६ मध्ये ९८. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) १२ नंतरचा प्रत्येक टक्का महाग होत जातो, हे समितीतील अतांत्रिक सदस्यालाही दिसते. ८२ टक्क्यांवर थांबावयाचे असेल तर उरलेले १८ टक्के बिंदू कोणाच्या खोल्यांत आहेत, हा प्रश्नही तेथेच विचारता येतो. या पद्धतीचे सार्वजनिक नियोजनातील मोल मला त्यातच वाटते, वेगात नव्हे.

काही मर्यादा

डेव्हिड वोल्पर्ट व विल्यम मॅकरेडी यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले की सर्व संभाव्य प्रश्नांचा एकत्रित विचार केल्यास कोणतीही शोधपद्धती दुसरीपेक्षा सरस नसते. म्हणून 'आमची पद्धत सर्वश्रेष्ठ' हा दावा नेहमी कोणत्या प्रश्नांसाठी, असे विचारून तपासावा. निदान 'दर वेळी सर्वाधिक नवे बिंदू व्यापणारी जागा निवडत जा' या साध्या रीतीशी तरी तुलना हवी. ती पुष्कळदा लाजवील इतकी जवळ पोहोचते. दुसरे असे की, मूल्यमापन संगणकातील प्रारूपावर चालते आणि प्रारूपाला पोलादी कपाटे, माणसांची गर्दी, उघडे-बंद दरवाजे ठाऊक नसतात. यंत्रे तात्पुरती ठेवून, इमारतीत फिरून प्रत्यक्ष मोजणी करणे आणि त्यावरून प्रारूपातील आकडे सुधारणे याला पर्याय नाही.

नियोजक नसलेला रस्ता

आतापर्यंत एक गोष्ट गृहीत धरली होती : सर्व यंत्रे एकाच नियोजकाच्या हाती आहेत. जानेवारी २०१४ मध्ये बंगळुरूत एम. जी. रोड, ब्रिगेड रोड आदी ठिकाणी 'नम्म वायफाय' ही सार्वजनिक सेवा सुरू झाली तेव्हा असेच होते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २०१७ मध्ये वेगळ्या प्रारूपाची शिफारस केली आणि ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' योजनेला मान्यता दिली. यात चहाची टपरी, किराणा दुकान असे कोणीही 'पब्लिक डेटा ऑफिस' चालवू शकते. त्याला परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही. अशा अनेक कार्यालयांना एकत्र जोडणारा समूहक, वापरकर्त्याचे अ‍ॅप पुरविणारा आणि सी-डॉट या संस्थेने सांभाळलेली केंद्रीय नोंदवही हे योजनेचे इतर घटक आहेत.

विस्ताराच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. परंतु एकाच रस्त्यावर २० दुकानदारांनी २० यंत्रे बसविली तर त्यांची संयुक्त आखणी कोण करणार? स्वतंत्र वाहिन्या तीन आणि कोणाचे कोणावर नियंत्रण नाही. प्रत्येक यंत्र स्वतःपुरती सर्वांत मोकळी वाहिनी शोधते. शेजारचेही त्याच क्षणी तेच करते. दोघेही एकाच वाहिनीवर उडी मारतात आणि पुन्हा परत येतात. येथे गुणसूत्रांची पिढी एका संगणकात वाढविणारी पद्धत उपयोगी पडत नाही, कारण सगळ्यांची माहिती एका जागी नसते.

या परिस्थितीला जवळचे असे एक गणित बंगळुरूतच विकसित झाले आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एम. ए. एल. थथाचार यांनी के. एस. नरेंद्र यांच्यासह १९८९ मध्ये आणि पी. एस. शास्त्री यांच्यासह २००४ मध्ये 'लर्निंग ऑटोमेटा' या विषयावर ग्रंथ लिहिले. या पद्धतीत प्रत्येक घटक आपल्या पर्यायांना संभाव्यता देतो, त्यानुसार एक पर्याय वापरून पाहतो आणि अनुभव चांगला आला तर त्याची संभाव्यता थोडी वाढवतो. इतरांची माहिती त्याला लागत नाही. तीन वाहिन्यांच्या संभाव्यता आरंभी एक-तृतीयांश असतात. जिच्यावर पाकिटे सुरळीत गेली तिची हळूहळू वाढते, इतर दोघींची घटते आणि काही काळाने यंत्र एका वाहिनीवर स्थिरावते. बदलाची पायरी लहान ठेवली तर स्थिरावण्यास वेळ लागतो, पण चुकीच्या वाहिनीवर अडकण्याची शक्यता कमी होते. मोठी ठेवली तर उलट. टपरीवरच्या यंत्रात ही पायरी किती ठेवावयाची हे दुकानदार ठरविणार नाही. ती यंत्र तयार करणारी कंपनी किंवा समूहक यांनीच बसवून द्यावी लागेल, आणि रस्त्यावरील २० यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची असतील हे गृहीत धरूनच.